बिल्ड टूलला प्रश्न विचारता येतो का?

नवीन प्रोजेक्ट सुरू होताना डेटाबेस कुठला घ्यायचा यावर दोन-दोन तास मीटिंगा झडतात. फ्रेमवर्क कुठलं यावर तर मारामारीच व्हायची बाकी असते. बिल्ड टूल मात्र कोणीतरी मागच्या प्रोजेक्टमधून उचलून आणतो, नावं बदलतो आणि विषय संपतो. पुढची सात-आठ वर्षं तेच टूल टीममधल्या प्रत्येकाच्या मशीनवर दिवसातून वीस-वीस वेळा चालणार असतं. इतका सहवास घडणार आणि पत्रिकासुद्धा बघायची नाही, हे काही बरोबर नाही मंडळी!

म्हणून या शनिवारी त्यावर चार शब्द. उदाहरणं जावातली आहेत, म्हणजे अँट, मेवन आणि ग्रेडल, कारण माझी बरीचशी नोकरी त्याच गल्लीत गेली. सी प्लस प्लसवाल्यांनी लगेच उठून जाऊ नये, त्यांच्याकडेही हेच भांडण वेगळ्या नावांनी चालू असतं.

प्रोसीजरल आणि डिक्लेरेटिव्ह हे शब्द ऐकले की माणसं कॉलेजच्या व्हायव्हात बसल्यासारखी दचकतात. त्यापेक्षा एक्सेल बघा. पगारपत्रकात मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडं आणि शेवटी एकूण. एकूणच्या खान्यात आपण फॉर्म्युला लिहितो, की या तीन खान्यांची बेरीज. आधी काय मोज आणि नंतर काय मोज, हे आपण सांगत नाही. मूळ पगार बदलला की त्यावर अवलंबून असलेलं सगळं एक्सेल आपसूक पुन्हा मोजतं. हे झालं डिक्लेरेटिव्ह. आता तेच काम मॅक्रो लिहून करा: हा खाना वाच, याने गुण, तिकडे लिही, पुढच्या ओळीवर जा. हे प्रोसीजरल. उत्तर दोन्हीकडे सारखंच येतं. फरक कळतो तो कोणी "या आकड्यात काय काय धरलंय हो?" असं विचारलं की. फॉर्म्युला असेल तर खान्यावर क्लिक करायचं, दिसतं. मॅक्रो असेल तर तो लिहिणारा माणूस नोकरी सोडून बंगलोरला गेलेला असतो.

आणि ही नुसती उपमा नाही बरं का. २०१८ साली आंद्रे मोखोव, नील मिचेल आणि सायमन पेटन जोन्स यांनी बिल्ड सिस्टिम्सचं वर्गीकरण करणारा एक पेपर लिहिला. त्यात मेक आणि बेझलच्या पंगतीत एक्सेललाही त्यांनी चक्क पाट मांडून बसवलंय.

आता थोडा इतिहास, थोडाच. मेक हे या सगळ्यांचं आजोबा. स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ साली बेल लॅब्जमध्ये ते लिहिलं. निमित्त असं झालं की त्याचा एक सहकारी अख्खी सकाळ एका बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधत बसला होता. चूक दुरुस्त झालेली होती, पण ती फाइल परत कंपाइलच झाली नव्हती! म्हणून मेकमधल्या प्रत्येक नियमाला दोन भाग असतात. पहिल्या ओळीत 'ही फाइल या फाइल्सवर अवलंबून आहे' एवढंच सांगायचं. त्याखाली, ती कशी बनवायची याच्या कमांडा. म्हणजे वरची ओळ डिक्लेरेटिव्ह आणि खालचं सगळं प्रोसीजरल. लोक मेकला सरसकट प्रोसीजरल म्हणतात ते मला पटत नाही. मेकमधली खरी हुशारी त्या वरच्या ओळीतच आहे. (खालच्या ओळी टॅबनेच सुरू व्हायला हव्यात ही कटकट मात्र आजही आहे. फेल्डमनला ती लवकरच खटकली होती, पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांची पंचाईत करायची नाही म्हणून त्याने ती तशीच ठेवली. डझनभर माणसांच्या सोयीसाठी पुढच्या लाखोंनी टॅब मोजले.)

त्यानंतर अँट आलं, २००० साली. जेम्स डंकन डेव्हिडसनने टॉमकॅटच्या बिल्डसाठी ते बनवलं. सगळं एक्सएमएलमध्ये, त्यामुळे दिसायला एकदम डिक्लेरेटिव्ह. कंसांच्या आत बघितलं तर मात्र हा फोल्डर बनव, हे कंपाइल कर, त्या फाइल्स इकडे कॉपी कर, झिप कर, अशी वरून खाली क्रमाने चालणारी स्क्रिप्टच आहे. मेकमध्ये 'फाइल कशावर अवलंबून' असं असतं, अँटमध्ये 'टार्गेट कुठल्या टार्गेटनंतर' असं. हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. एक नमुना सांगतो. अँटचं जावा कंपाइल करणारं टास्क फक्त सोर्स फाइल आणि तिच्या क्लास फाइलच्या वेळा ताडून बघतं. समजा एका क्लासमधला स्टॅटिक फायनल आकडा बदलला. जावाचा कंपायलर असे आकडे ते वापरणाऱ्या दुसऱ्या क्लासमध्ये थेट छापून टाकतो. त्या दुसऱ्या क्लासची सोर्स फाइल बदललेली नाही, म्हणून अँट तिला हात लावत नाही, आणि जुनाच आकडा प्रॉडक्शनला जातो. यातूनच 'काही विचित्र दिसलं की आधी क्लीन मार' ही सवय पिढ्यानपिढ्या चालत आली. डेव्हिडसनने स्वतः नंतर लिहून ठेवलंय की तेव्हा एवढं कळत असतं तर एक्सएमएलऐवजी खरीखुरी स्क्रिप्टिंग भाषाच वापरली असती. मला हे फार प्रामाणिक वाटतं. स्क्रिप्टच आहे ना, मग स्क्रिप्टसारखी दिसू दे की.

मेवनने उलटी दिशा घेतली. पहिल्या मेवनमध्ये जेली नावाच्या भाषेत हवी ती कृती लिहायची सोय होती. २००५ च्या मेवन २ ने ती काढूनच टाकली. सोर्स इथे असेल, टेस्ट तिथे असतील, बिल्डच्या पायऱ्या या अशाच असतील. तुम्ही फक्त तुमच्या प्रोजेक्टचं नाव, व्हर्जन आणि तुम्हाला कुठल्या लायब्ऱ्या लागतात ते पॉम फाइलमध्ये सांगा. बाकी आमच्याकडे लागलं! त्या वेळी या हुकूमशाहीवर लोक जाम चिडले होते, आणि अजूनही चिडतात.

इथवर जे लिहिलं ते बऱ्याच जणांना माहीत असेल. मला जो मुद्दा मांडायचाय तो पुढे आहे. कुठली भाषा सुटसुटीत आणि कुठलं टूल वेगवान यावरच या वादात सगळा वेळ जातो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: हे टूल न चालवता त्याला काही विचारता येतं का? स्क्रिप्ट चालवता येते. तिला विचारता येत नाही.

हा फरक पुस्तकी नाही हे ९ डिसेंबर २०२१ ला सगळ्या जगाला कळलं. त्या गुरुवारी लॉगफोरशेल उघडकीला आलं. लॉगफोरजे २ या लॉगिंग लायब्ररीत असा घोटाळा होता, की हल्लेखोराने नुसती एक विशिष्ट ओळ लॉगमध्ये लिहवून आणली की तुमचा सर्व्हर बाहेरून कोड आणून चालवायला लागायचा. धोक्याची पातळी दहापैकी दहा. जगभर सगळ्या मॅनेजरांनी त्या शुक्रवारी एकच प्रश्न विचारला: "आपल्याकडे कुठे कुठे आहे हे?"

मी तेव्हा एका क्लायंटच्या दोन प्रोजेक्ट्सवर होतो. नाव सांगत नाही. एक मेवनवर, दुसरं जुनं, अँटवर. मेवनवाल्याचं उत्तर चहा गार व्हायच्या आत मिळालं. डिपेन्डन्सी ट्रीची एक कमांड मारली की कुठली लायब्ररी कोणाच्या मागून आत शिरली याची वंशावळ समोर येते. लॉगफोरजे-कोअर २.१३ होतं, आणि ते आम्ही मागितलेलंच नव्हतं, दुसऱ्या एका लायब्ररीने ते बरोबर आणलं होतं. पेरेंट पॉममध्ये व्हर्जनची एक ओळ घातली, विषय मिटला.

अँटवाल्या प्रोजेक्टमध्ये लिब नावाचा एक फोल्डर होता. त्यात सव्वाशेच्या वर जार्स. काहींच्या नावात व्हर्जन होतं, काहींच्या नाही, आणि एकीच्या नावात चक्क 'न्यू-फायनल' असं होतं. तिथल्या सीनियर माणसाचं म्हणणं, "अरे, स्क्रिप्ट वाच ना, सगळं तिच्यात आहे." ते खरंच होतं, सगळं तिच्यात होतं. पण स्क्रिप्ट लिबमधल्या जार्स घ्यायची, मग एका शेअर्ड ड्राइव्हवरून आणखी काही वर ओतायची, मग एन्व्हायर्नमेंट बघून त्यातल्या चार उडवायची. म्हणजे शेवटी पॅकेजमध्ये काय जातं हे कळायला प्रत्येक एन्व्हायर्नमेंटसाठी बिल्ड चालवायचा, पॅकेज उघडायचं आणि प्रत्येक जारचं मॅनिफेस्ट बघायचं. शनिवार-रविवार गेला. लॉगफोरजेचं जुनं १.२ पण निघालं आणि २ पण निघालं, शेजारी शेजारी. बरं, हे एकदाच करून भागलं नाही. २.१५.० मध्ये दुरुस्ती अपुरी निघाली, मग २.१६.०, मग २.१७.०, आणि डिसेंबर संपता संपता २.१७.१. एकीकडे तीच ओळ चार वेळा बदलली, दुसरीकडे तोच सोहळा चार वेळा.

आता लगेच कोणी म्हणेल की हा अँटचा दोष नाही, शिस्तीचा आहे. अँटला आयव्ही जोडून डिपेन्डन्सी नीट जाहीर करता येतात. अगदी बरोबर! पण आयव्ही जोडलं म्हणजे काय केलं? डिपेन्डन्सीचा भाग स्क्रिप्टमधून उचलून एका डिक्लेरेटिव्ह फाइलमध्ये नेला. माझंच म्हणणं झालं ना ते.

असं असलं तरी मेवनची आरती ओवाळण्यात मला रस नाही. डिक्लेरेटिव्ह टूल तुमच्यासाठी निर्णय घेतं आणि ते निर्णय तुम्हाला माहीत असावे लागतात. एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स वेगवेगळ्या वाटांनी आली तर मेवन जवळच्या नात्यातलं घेतं, म्हणजे ट्रीमध्ये कमी पायऱ्यांवर असलेलं. दोन्ही सारख्याच अंतरावर असतील तर पॉममध्ये जे आधी लिहिलंय ते. ग्रेडल अशा वेळी सगळ्यांत नवं व्हर्जन उचलतं. म्हणजे लायब्ऱ्यांची यादी तंतोतंत तीच, टूल बदललं की आतली जार वेगळी! मेवनमध्ये जवळच्या नात्यातलं व्हर्जन जुनं निघालं की कंपाइल सुरळीत होतं आणि 'अशी मेथडच नाही' म्हणून प्रॉडक्शनला बोंब होते. ज्याला हा नियम ठाऊक नाही तो दोन दिवस स्वतःच्या कोडकडे संशयाने बघत बसतो. अँटमध्ये हे व्हायचं नाही असं नाही, पण तिथे निदान जार तुम्ही स्वतःच्या हाताने ठेवलेली असते.

शिवाय मेवनच्या मुख्य लाइफसायकलमध्ये २३ फेज आहेत. रोजच्या कामात त्यातल्या सहा-सात माहीत असल्या तरी चालतं, पण एखादं प्लगइन नक्की कुठल्या फेजला चालतंय हे कळेना झालं की तेवीसच्या तेवीस पाठ कराव्या लागतात. अँटची स्क्रिप्ट नवीन आलेला मुलगासुद्धा वरून खाली वाचतो आणि दुपारपर्यंत त्याला कळते. हा गुण मी कमी लेखणार नाही. दहा फाइल्सच्या प्रोजेक्टला, ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही आणि ज्याचं आयुष्य सहा महिने आहे, साधी स्क्रिप्ट पुरते. तिथे मेवन म्हणजे दोन माणसांच्या स्वयंपाकाला आचारी बोलावण्यातला प्रकार.

आणि लॉगफोरशेलच्याच वेळी डिपेन्डन्सी ट्रीची मर्यादाही दिसली. काही लायब्ऱ्या दुसऱ्याच्या क्लासेस स्वतःच्या जारमध्ये कोंबून देतात. पॉममध्ये त्याचा पत्ता नसतो, मग ट्रीमध्ये कुठून दिसणार? जाहीर केलेलंच टूलला कळतं. तेव्हा जार्सच्या पोटात शिरून बघणारे स्कॅनर चालवावेच लागले, मेवनवाल्यांनासुद्धा.

डिक्लेरेटिव्हचा सगळ्यांत जास्त छळ मी पाहिलाय तो वेगळ्याच कारणाने. मेवनमध्ये अँटच्या कमांडा चालवणारं एक प्लगइन आहे. अडीनडीला ठीक. पण एकदा ते सापडलं की लोकांना चटकच लागते. मग पॉममध्ये फाइल्स हलवणं आलं, सर्व्हर बंद करणं आलं, बॅकअप घेणं आलं, आणि हे सगळं कुठल्या तरी फेजला टांगायचं म्हणून 'इंटिग्रेशन टेस्टच्या आधी' या फेजला डेटाबेसच्या स्क्रिप्टा चालायला लागल्या. दीड-दोन हजार ओळींची अशी पॉम फाइल मी वाचलेली आहे. तो मेवनच्या वेशातला अँट असतो, दोघांचेही तोटे एकत्र.

सर्व्हर थांबव, बॅकअप घे, डेटाबेस बदल, सर्व्हर चालू कर. यात क्रम हाच सगळा मजकूर आहे. हे सरळ शेल स्क्रिप्टमध्ये लिहावं, प्रत्येक पायरी फसली तर काय करायचं हेही तिथेच लिहावं, आणि बिल्ड टूलला त्यात ओढू नये. बिल्डचं काम पॅकेज हातात देण्यापर्यंतच. पॅकेज पोचवणं हा वेगळा धंदा आहे.

राहिलं ग्रेडल. हान्स डॉक्टर आणि मंडळींचं हे टूल १.० ला पोचलं २०१२ साली, आणि २०१३ पासून अँड्रॉइडमुळे घराघरात गेलं. त्याचा दावा असा की दोन्हीतलं चांगलं घ्या: वर्णन करा, आणि अडलं तर ग्रूव्हीत किंवा कॉटलिनमध्ये कोड लिहा. यातलं एक अंग मला मनापासून आवडतं. टास्क लिहिताना त्याला कुठल्या फाइल्स लागतात आणि त्यातून कुठल्या बाहेर पडतात हे जाहीर करता येतं. आतली कृती तुमची, पण तिच्या सीमा टूलला माहीत. मग काही बदललं नसेल तर टास्क वगळणं, दुसऱ्याच्या मशीनवर झालेला निकाल कॅशमधून उचलणं, हे सगळं त्याला जमतं. मेकच्या त्या वरच्या ओळीचं हे वयात आलेलं रूप. मेवनवाले अजून सवयीने 'क्लीन इन्स्टॉल' मारतात तेव्हा मला ग्रेडलवाल्यांचा थोडा हेवा वाटतो.

पण मोकळीक दिली की माणसं ती वापरतात. ग्रेडलची बिल्ड फाइल म्हणजे शेवटी प्रोग्रॅम. टास्कच्या आत पण कृतीच्या ब्लॉकबाहेर लिहिलेला कोड टास्क चालताना नाही, तर त्याआधीच्या कॉन्फिगरेशनच्या टप्प्यात चालतो. तिथे कोणी गिटची कमांड टाकली किंवा नेटवर्कवरून काही वाचलं, की नुसती टास्कांची यादी मागितली तरी मशीन विचारात पडतं. 'मशीनचं नाव हे असेल तर ही लायब्ररी, नाहीतर ती' असला इफही लिहिता येतो, म्हणजे लिहिला जातोच. मग परत आपला शुक्रवारचा प्रश्न: आपल्याकडे कुठे आहे? उत्तर: कुठल्या मशीनवर विचारताय त्यावर आहे!

गुगलने २०१५ साली बेझल खुलं केलं तेव्हा त्यांनी हाच धडा उलट्या बाजूने गिरवला होता. त्याची स्टारलार्क भाषा पायथनसारखी दिसते, पण तिच्यात व्हाइल लूप नाही आणि रिकर्शनही चालत नाही. मुद्दाम हात बांधलेत. सी प्लस प्लसच्या बाजूला मेसन या टूलने तेच केलं, भाषा ठरवूनच अपुरी ठेवली. हजारो प्रोजेक्ट्स एकत्र नांदायची असतील तर एकाने लिहिलेलं दुसऱ्याच्या टूलला वाचता आलं पाहिजे, हे त्यामागचं कारण.

तेव्हा मला कोणी विचारलं तर मी असं सांगतो. दुसऱ्या कोणाला, म्हणजे आयडीईला, सिक्युरिटी स्कॅनरला, कॅशला किंवा पाच वर्षांनी येणाऱ्या मुलीला, जे जाणून घ्यावं लागेल ते सगळं जाहीर केलेलं असलं पाहिजे. लायब्ऱ्या, त्यांची व्हर्जन्स, सोर्स कुठे, बाहेर काय पडतं. नेहमीच्या बिझनेस अॅप्लिकेशनला यासाठी मेवन पुरतं आणि त्याचा कंटाळवाणेपणा हा फायदाच आहे. कोड जनरेट करणं वगैरे खास प्रकार भरपूर असतील, बिल्ड तासाच्या घरात जात असेल आणि टीममध्ये बिल्ड फाइल्सचा रिव्ह्यू करणारं कोणी खमकं असेल, तर ग्रेडल. खमकं कोणी नसेल तर ग्रेडल नको. आणि चालू असलेला अँटचा प्रोजेक्ट केवळ फॅशन म्हणून मेवनवर नेऊ नका. आधी फक्त लिबचा फोल्डर रिकामा करून आयव्हीवर या. ऐंशी टक्के दुखणं तिथेच असतं (हा आकडा माझ्या पोटातून आलाय, सर्व्हे नाही).

जाता जाता एक गंमत. मेवन फार कडक आहे म्हणून ज्यांनी वेगळी चूल मांडली, त्या ग्रेडलवाल्यांनीच २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये 'डिक्लेरेटिव्ह ग्रेडल' नावाचा प्रयोग जाहीर केला. बिल्ड फाइलमध्ये फक्त वर्णन राहील, कोड प्लगइनमध्ये जाईल, आणि आयडीईला ती फाइल न चालवता वाचता येईल. आमच्या ऑफिसातल्या कट्टर ग्रेडलवाल्याला ही बातमी दाखवली तेव्हा तो म्हणाला, "पण एक्सएमएल नाहीये ना? मग चालेल."